जाळीवर लावलेला धुक्याचा दिवा

वसुमतीअक्कांची भाजीची पिशवी ऑटोतून घरी आली आणि अक्का आल्या नाहीत, त्या सकाळी मी बसवनगुडीतल्या त्यांच्या अंगणात गाडीच्या पुढच्या जाळीवर होतो. पिशवी श्वेताच्या हातात होती. श्वेता पुण्याची, वरच्या मजल्यावर भाड्याने राहते.

"वसू कुठंय?" दारात आलेल्या अक्कांच्या नवऱ्याने, त्रिविक्रमअण्णांनी, विचारलं.

"काका, तुम्ही आधी बसा," ती म्हणाली.

अण्णा बसले नाहीत. गांधी बाजारात पालक निवडता निवडता अक्का खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

मित्रांनो, मी मोटारीचा एक जुना दिवा आहे, पिवळ्या काचेचा, धुक्यात लावायचा. अक्कांच्या जाण्यात माझा दोष नाही. पण त्याच्या नऊ दिवस आधी जे घडलं, त्यात आहे. तेच मला सांगायचं आहे.

मला घडवणाऱ्यांनी माझ्या काचेवर उभ्या रेघा पाडल्या. त्यांच्यामुळे माझा उजेड लांब जात नाही. तो आडवा पसरतो आणि रस्त्याला धरून राहतो. माझी पहिली वीस वर्षं कोडगूतल्या एका कॉफीच्या मळ्यात गेली. तिथल्या जीपच्या बंपरखाली, माणसाच्या गुडघ्याहूनही खाली, मला आणि माझ्या जोडीदाराला बसवलं होतं. अंगावर चिखल उडायचा. चालक रोज सकाळी आम्हाला फडक्याने पुसायचा आणि नवीन कोणी आलं की सांगायचा, "मोठे दिवे धुक्यात काही कामाचे नाहीत. गटार कुठं आहे ते हे दोघं दाखवतात." एवढं कौतुक मला पुष्कळ वाटायचं. पुढे जीप मोडीत गेली आणि आम्ही जे. सी. रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या एका दुकानात खोक्यात पडून राहिलो.

तिथून अण्णांनी आम्हाला आणलं. अण्णा कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. गाडीचा कुठलाही भाग सोडवून ते पुन्हा जसाच्या तसा बसवत. फक्त गाडी चालवायला ते कधी शिकले नाहीत. चालवायच्या त्या अक्का.

अक्कांची थोरली बहीण, अहल्याक्का, कोडगूतच मडिकेरीला राहते. एका लग्नात मानपानावरून दोघींची बोलाचाली झाली होती. त्याला आठ वर्षं झाली, दोघी भेटल्या नव्हत्या. अहल्याक्कांचं कंबरेचं हाड मोडलं आणि त्या अंथरुणाला खिळल्या. मग यंदा पावसाळ्यात त्यांनीच फोन केला, "वसू, एकदा येऊन जा ग." अक्का लगेच निघायला तयार झाल्या. मडिकेरीच्या घाटात त्या दिवसांत भर दुपारीही धुकं असतं, म्हणून आम्हाला आणलं होतं.

अण्णांचं काम नेटकं. त्यांनी पट्टी कापली, गंज लागू नये म्हणून भोकांना रंग लावला, बॅटरीपासून वायर आणली, फ्यूज बसवला, स्टिअरिंगजवळ बटण दिलं. सगळं चोख. पण आम्हाला त्यांनी बंपरखाली न लावता वर जाळीवर लावलं. उजेड लांब जायला हवा, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

संध्याकाळी गाडी कंपाउंडच्या भिंतीसमोर उभी केली. अक्का स्टिअरिंगवर बसल्या, कारण चालवणाऱ्याचं वजन सीटवर असल्याशिवाय दिव्याची दिशा बरोबर ठरत नाही. अण्णा पाना घेऊन माझ्याजवळ उभे राहिले. या घराच्या मराठीत पिढ्यान्‌पिढ्या कन्नड मिसळलेलं आहे.

"स्वल्प मेले," असं म्हणत अण्णांनी माझं तोंड वर केलं.

"मेले नाही, केळगे!" अक्का आतून ओरडल्या.

"मेलेच!"

"अहो, केळगे!"

तेवढ्यात श्वेता जिन्यावरून धावत आली. पायात एकच चप्पल. "काकू, कोण मेले?"

अक्कांना हसू आवरेना. "कोणी नाही ग बाई! कन्नडात मेले म्हणजे वर आणि केळगे म्हणजे खाली. तुझे काका दिव्याला स्वर्गात धाडतायत."

"बाप रे! मी ऑफिसचा कॉल म्यूट करून पळत आले!"

ती गेल्यावर अक्का शांतपणे म्हणाल्या, "अहो, धुकं रस्त्यावर बसतं. मला आभाळ दाखवून काय उपयोग?"

"उजेड लांब गेला पाहिजे. तुला त्यातलं काय कळतं?"

"गाडी कोण चालवतं?"

"आणि दुरुस्त कोण करतं?"

अण्णांनी नट आवळला. माझी जागा कुठली, हे मला वीस वर्षांपासून ठाऊक होतं. पण दिव्याला बोलता येत नाही.

पुढच्या शनिवारी ते दोघे पहाटेच निघाले. मडिकेरीच्या अलीकडचं सुंटिकोप्पा मागे पडलं आणि धुकं आलं. अक्कांनी बटण दाबलं. माझा उजेड समोरच्या धुक्यावर आदळला आणि तसाच त्यांच्या डोळ्यांवर उलटला. काचेसमोर पांढरी चादर धरावी तसं झालं. रस्ता, गटार, कड, काहीच दिसेना. अक्कांनी गाडी थांबवून आम्हाला विझवलं.

"दिव्यांचं राहू द्या," त्या म्हणाल्या. "ती पुढं बस आहे ना, तिच्या मागून सावकाश जाते. बारा-तेरा किलोमीटर तर राहिलेत."

"नको. मागं फिरव."

"अहो, ती वाट बघत असेल."

"फिरव म्हटलं ना! दिवे नीट करून पुढच्या आठवड्यात येऊ."

अक्कांनी गाडी वळवली. अण्णांनी मडिकेरीला फोन लावला. मला वाटलं, आता ते दिव्यांचं सांगतील. ते म्हणाले, "वसूचं डोकं दुखतंय, अक्का. आम्ही परत चाललोय." वसुमतीअक्कांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर पुन्हा रस्त्यावर वळवली. बहिणीसमोर नवऱ्याला खोटं पाडणं त्यांना जमलं नसावं.

घरी आल्यावर त्या रोज विचारायच्या, "दिवे कधी घेताय खाली?" अण्णा म्हणायचे, "उद्या." पाना हातात घेतला असता तर चूक कबूल केल्यासारखं झालं असतं. बहिणीला मात्र अक्कांनी फोन केला नाही. "आता समोर बसूनच बोलेन तिच्याशी," असं त्या म्हणायच्या. असे नऊ दिवस गेले.

तेरावा झाल्यावर कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मल्लाप्पा गाडी सुरू करून बघायला आला. बॅटरी उतरू नये म्हणून. त्याने माझ्या काचेवर बोट फिरवलं. "अण्णा, हा तर धुक्याचा दिवा. इतक्या वर कोणी लावला?"

"मीच."

"सरी, ठीक आहे. खाली घेऊ? पाच मिनिटांचं काम."

"सीटवर बसायला कोणी नाही."

"मी बसतो की!"

"नको, मल्लाप्पा. राहू दे."

अण्णांना कमी ऐकू येतं, म्हणून ते फोनचा स्पीकर लावून अंगणात बसतात. रविवारी अहल्याक्कांचा फोन आला. त्यांचा आवाज थकलेला होता. "त्रिविक्रमराव, एक विचारू? आठ वर्षांनी वसू निघाली आणि दाराशी येऊन तिचं डोकं दुखलं? नंतर फोनही नाही. माझ्यावरचा राग तिच्या मनात तसाच होता का हो?"

"नाही, अक्का."

"मग काय झालं होतं?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "औषध घेतलंत का आज?"

तेव्हापासून प्रत्येक रविवारी त्या हेच विचारतात आणि अण्णा दुसरंच काहीतरी बोलतात. श्वेता म्हणाली, "काका, मी ड्राइव्ह करते. शनिवारी मडिकेरीला जाऊन येऊ." अण्णा "बघू" म्हणाले. काल ती पुन्हा म्हणाली. ते पुन्हा "बघू" म्हणाले.

मित्रांनो, दिव्याची काच पुसत जा, वायर तपासत जा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. दिवा लावण्याआधी, त्याच्या उजेडात ज्याला वाट काढायची आहे त्याला विचारा, आणि तो सांगेल ते ऐका. चूक झालीच, तर त्याच संध्याकाळी पाना हातात घ्या. उद्यावर टाकू नका.

मी अजून वरच आहे. अहल्याक्कांना अजून कोणी खरं सांगितलेलं नाही.