पिकर्सगिलचा अर्ज

थॉर्नबेकच्या नगरपालिकेत घरांच्या अर्जांचं टेबल नेव्हिल क्रॉशॉकडे होतं, आणि त्याच्यापुढची रांग कधी आटत नसे. कुणाच्या भिंतीला ओल, कुणाच्या छातीला दमा. बावीस वर्षं हेच ऐकून नेव्हिलचं मन निबर झालं होतं. एकदा मान वर करून बघायचं आणि शेरा मारून मोकळं व्हायचं. "सगळ्यांनाच तळमजला हवा असतो!" हे त्याचं ठरलेलं वाक्य.

त्या हिवाळ्यात त्याला आपल्या घराण्याचा शोध घ्यायचा नाद लागला. दर शनिवारी तो गावच्या दप्तरखान्यात जाऊन बसे. तिथं जुन्या गरीबखान्याच्या वह्या होत्या. पोटाला नसलेल्यांना पूर्वी त्या गरीबखान्यात ठेवत, दगड फोडून घेत आणि वाडगाभर पेज देत. दप्तर सांभाळणाऱ्या थ्वेटबाईंनी एका शनिवारी त्याच्यापुढे एक पान उघडून ठेवलं.

"क्रॉशॉ, हॅना. विधवा. गिरणी बंद. दोन मुलं. धडधाकट दिसते. घरी मदत देऊ नये." खाली सही होती, जोसाया पिकर्सगिल, मदत अधिकारी.

घरी मदत नाही म्हणून हॅनाला गरीबखान्याची पायरी चढावी लागली. दारातच तिची मुलं वेगळी केली गेली. तीन वर्षांची ॲलिस अकराव्या दिवशी तापानं गेली. आईला ते कळलं रविवारी, मुलांना भेटायची वेळ झाली तेव्हा! थोरला जगला. तो नेव्हिलच्या आजोबांचा बाप.

नेव्हिलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आज तो समोर असता ना, थ्वेटबाई, तर गळाच धरला असता त्याचा!"

जोसाया काही आला नाही. पण पुढच्याच आठवड्यात टेबलासमोर एक म्हातारा उभा राहिला. सिरिल पिकर्सगिल, वय एकोणऐंशी.

"जोसाया पिकर्सगिल तुमचे कोण?" नेव्हिलनं विचारलं.

म्हातारा खुलला. "माझ्या पणजोबांचे वडील! इथल्याच सभागृहात तसबीर आहे की त्यांची. तसबीर त्यांची आणि ओल आमची, साहेब! चौथा मजला, लिफ्ट बंद. बायकोला धाप लागते हो. तळमजल्यावर एक खोली मिळाली तर..."

आयतंच सावज! नेव्हिलनं पेन उघडलं आणि अर्जावर लिहिलं, "चालता-फिरता दिसतो. निकड नाही." मग त्यानं म्हाताऱ्याला डॉक्टरच्या दाखल्यासाठी पिटाळलं. दाखला आला तर तारीख जुनी. नवा आणला तर शिक्का पुसट. दर खेपेला म्हातारा काठी टेकत परत जाई आणि नेव्हिलला वाटे, ॲलिस, हा घे तुझ्या एका दिवसाचा बदला! असे पाच आठवडे गेले.

शनिवारी त्यानं हे सगळं थ्वेटबाईंना मिटक्या मारत सांगितलं. बाईंनी हातातला चहा खाली ठेवला.

"शेरा काय मारलास?"

त्यानं सांगितला.

"त्याच्या बायकोला पाहिलंस?"

"तिला कशाला पाहायचं? जोसायानं कुठं ॲलिसला पाहिलं होतं?"

"वा! म्हणजे तू त्याचा सूड नाही घेतलास, नेव्हिल. तू त्याची नोकरी पुढे चालवलीस!"

नेव्हिल उसळला. "मग काय सोडून देऊ? आमची पोर गेली ती गेली?"

"सोड कोण म्हणतंय? सूड घे! पण ज्यानं तिला मारलं त्याचा घे. जोसाया कधीच मातीत गेला. तिला मारलं माणसाकडे नीट न बघता मारलेल्या शेऱ्यानं. तो जिवंत आहे. बावीस वर्षं तूच पोसतोयस त्याला. आजवर किती हॅना तुझ्या टेबलावरून परत गेल्या, मोजल्यास कधी?"

नेव्हिल मनात चेहरे शोधू लागला. अरे देवा! त्याला एकही चेहरा आठवत नव्हता!

तो तिथून तडक निघाला. चार मजले चढताना त्याचाच जीव वर आला. आत खिडकीपाशी सिरिलची बायको एडना बसली होती, निळसर ओठांची, एकेका श्वासासाठी झगडणारी.

"मी तुमचा अर्ज मुद्दाम अडवला," नेव्हिल दारातच म्हणाला. तसबिरीतल्या माणसाची आणि हॅनाची सगळी हकीकत त्यानं सांगितली.

सिरिलनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुमच्या पोरीचं वाईट झालं. मला ठाऊक नव्हतं. पण माझी एडना पाच आठवडे खाली उतरली नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. या आता." आणि त्यानं दार लावून घेतलं.

सोमवारी नेव्हिलनं स्वतःचा शेरा खोडला, खाली आपली चूक लिहून सही केली आणि तो कागद वरिष्ठांपुढे ठेवला. त्याला सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली. पिकर्सगिल दांपत्याला पंधरा दिवसांत तळमजला मिळाला. सिरिलनं त्याला क्षमा केली नाही, आणि नेव्हिलनंही मागितली नाही. त्यानं जुने नाकारलेले अर्ज कपाटातून बाहेर काढले आणि एकेका घराचं दार ठोठावायला सुरुवात केली.

नागरिकहो, आपल्या पूर्वजांवर झालेला अन्याय जरूर शोधून काढा, त्याची चीडही येऊ द्या. पण अन्याय करणाऱ्याचं आडनाव शोधत हिंडू नका, त्याची सवय शोधा. ती सवय ज्या दिवशी आपल्या हातून मरेल, त्या दिवशी आपल्या माणसांचा सूड पुरा झाला असं समजा!