गळ्याला बांधलेला माइक

"हनुवटी वर कर," दादा म्हणाला आणि त्याने चिमणीच्या गळ्याभोवतीचा पट्टा आणखी एक घर आवळला.

पट्ट्याला दोन काळ्या चकत्या, कंठाच्या दोन्ही बाजूंना चिकटणाऱ्या. मूळचा हा माइक आगीच्या बंबावरचा! बाहेर कितीही गोंगाट असू दे, हा थेट गळ्यातला कंप उचलतो. दादाने, म्हणजे तिच्या मावसभावाने, तो भंगारातून आणला, वायर कापली, नवी पिन लावली आणि गिटारच्या पेडलांना जोडला. कशासाठी? तर चिमणीसाठी! गळ्याच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज टेबलाच्या पलीकडेसुद्धा पोचत नव्हता आणि तोच आवाज पेडलांमधून फिरून असा घुमायचा, की पहिल्या दिवशी ती दचकून स्टुलावरून उठलीच होती. आता शनिवारी, तब्बल आठ महिन्यांनी, ती पुन्हा बँडबरोबर स्टेजवर गाणार होती. उंच कॉलरचा निळा कुर्तापण शिवून झाला होता, पट्टा झाकायला.

"आ लाव. हां. आता पुढचा सूर."

"एकेक सूर काय घेत बसलायस रे? गाणं म्हणते की!"

"आधी सूर."

तेवढ्यात ड्रम वाजवणारा जाड्या हातात यादी घेऊन आत आला.

"चिमणे, पहिल्या रांगेत दोन खुर्च्या. तू आणि तुझी आई. व्हीआयपी एकदम!"

"मी काय खुर्चीत बसून गाऊ, जाड्या?"

जाड्याने दादाकडे बघितलं. "तू सांगितलं नाहीस अजून?" एवढं पुटपुटून तो आला तसा बाहेर सटकला.

दादाने पेडलवर वाकलेली मान वर केली नाही. "अगं, तुझे सगळे सूर मशीनमध्ये भरून घेतलेत. मी कीबोर्डवरून वाजवणार. तुझी दमछाक नको, मध्येच आवाज फाटायची धास्ती नको. आवाज तुझाच आहे ना?"

"आणि मी?"

"तू ऐक ना निवांत."

"कधी ठरलं हे?"

त्याने एक बटण उगाच मागेपुढे फिरवलं. "पहिल्याच आठवड्यात."

तीन महिने ती रोज ऑफिस सुटलं की धावत इथे येत होती. तिने बकलला हात घातला, पण बोटांना ते सापडेचना.

"थांब, काढू नकोस! फक्त वरचा सा राहिलाय. शहाणी ना माझी?"

'नाही' म्हणायला तिने तोंड उघडलं. पण आतून हुंदकाच वर आला आणि गळ्यातच अडकला, आणि दुसऱ्या क्षणी स्पीकरमधून तो खोलीभर पसरला, एकावर एक, लांबच लांब, खिडकीची काच थरथरवत.

दादाने पहिल्यांदा मान वर केली. चेहरा नुसता फुलला होता.

"अरे वा! हे काय भारी आलं! परत एकदा कर ना," तो म्हणाला. त्याचं बोट रेकॉर्डिंगच्या लाल बटणावर पोचलंसुद्धा होतं.