खिडकीजवळची जागा

मी ड्रॉइंग बोर्ड बोलतोय. कालपर्यंत एका आर्किटेक्टच्या घरातल्या पुढच्या खोलीत, खिडकीला लागून मी उभा होतो. अंगावर पांढरी चादर होती, वर त्याचा फोटो होता. तो गेल्यापासून मला कुणी हात लावत नव्हतं. मला इथून हलवा, एवढंच माझं मागणं होतं, पण ऐकणार कोण?

मालकाला मी ‘तो’ म्हणतोय, तर रागावू नका. इतकी वर्षं त्याच्या कोपराखाली काढल्यावर अहो-जाहो जमत नाही.

मी पहिल्यांदा एका मोठ्या कचेरीत होतो. तिथे तो उंच इमारतींचे जिने आणि संडास काढायचा, कारण दर्शनी बाजू काढायचा मान वरिष्ठांचा. मग त्याला मुलगी झाली. ती जागी असताना बाप घरी दिसत नाही, हे त्याच्या मनाला लागलं. त्याने नोकरी सोडली आणि निघताना मला विकत मागून घेतलं. कचेरीतल्यांनी त्याला घरकोंबडा ठरवलं. त्याने ते हसून घेतलं.

घरातली सगळ्यात उजेडाची जागा त्याने मला दिली. बायको शिक्षिका होती. नकाशावर त्याने ‘स्वयंपाकघर’ चुकीचं लिहिलं की तिच्या नजरेतून सुटायचं नाही. मुलीला तो ‘फौजदार’ म्हणायचा. जेवायची वेळ झाली की फौजदार यायचा आणि त्याच्या हातातली पेन्सिल जप्त करायचा. रेघ अर्धी राहिली तरी तो उठायचा.

नाव व्हावं अशी मोठी कामं त्याला मिळाली नाहीत. लहान घरं, एक शाळा, एका दवाखान्याची वाढीव इमारत. शाळेच्या खिडक्या त्याने इतक्या खाली घेतल्या की बसलेल्या मुलालाही बाहेरचं दिसावं. शाळेचे चिटणीस माझ्यावर बोट आपटत म्हणाले, “मुलं बाहेर बघत बसतील हो.”

“बसू देत की,” तो म्हणाला. “आपण काय वेगळं केलं?”

चिटणीस हसले आणि खिडक्या तशाच राहिल्या. मला त्याचा फार अभिमान वाटला.

मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. पुढे त्याची बायको जिन्यावरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी जिना कायमचा बंद केला. ती वरच्या झोपायच्या खोलीत अडकली. तिला खाली कुठे आणायचं, याचे नकाशे तो काढू लागला. पलंग कधी स्वयंपाकघराच्या बोळात, कधी मागच्या पडवीत. प्रत्येक कागदावर तो आधी खिडकीशी मला काढायचा आणि उरलेल्या जागेत तिला बसवायला बघायचा. कागद तिला दाखवायला वर न्यायचा आणि तोंड पाडून खाली यायचा. एकदा वरून तिचा आवाज आला, “तुमचा बोर्ड काय घराच्या पायाबरोबर ओतलाय?”

तो खाली आला. कागद त्याने माझ्यावर पसरला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरातल्या चुका दाखवणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातली दिसली नव्हती. मग त्याने खोडरबर घेतलं आणि कागदावरून मला पुसून टाकलं. त्या जागी तिचा पलंग काढला आणि शेजारी लिहिलं, ‘हिची जागा’. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण इतकं बरोबर त्याने क्वचितच काही काढलं असेल.

भिंतीला तिच्या आधारासाठी दांडी बसवून झाली. पलंग खाली आणायच्या आतच, एका सकाळी चहा पिता पिता, तो खुर्चीतच गेला.

मुलगी राहायला आली. कागद तिने पाहिला होता, तरी म्हणाली, “बाबांची खोली आहे. अशीच राहू दे.” तिने माझ्यावर चादर घातली आणि पेन्सिली ओळीने लावल्या. त्याने त्या जन्मात कधी ओळीने लावल्या नव्हत्या. त्याने ज्यांची घरं बांधली ती माणसं येत आणि माझ्यासमोर हात जोडत. मला लाज वाटायची. वर त्याची बायको एकटी ताट पुढ्यात घेऊन बसायची. पोरीचं मन मोडवत नव्हतं तिला.

काल दुपारी जिन्यावर कुणीतरी घसटत असल्याचा आवाज आला. ती बसत बसत, एकेक पायरी उतरत होती. मुलगी धावली.

“आई, अगं, जिना नको म्हटलंय ना डॉक्टरांनी?”

“म्हणूनच उतरले. आता परत चढायचं नाही.” ती शेवटच्या पायरीवर टेकली. तिला धाप लागली होती. “तो बोर्ड काढ तिथून.”

मुलीचे डोळे भरून आले. “तोही काढला, तर बाबांचं या घरात राहिलं काय?”

“मी राहिलेय ना.”

मुलगी तिच्या मांडीत डोकं खुपसून लहान पोरीसारखी रडली. मग उठली, फोटो भिंतीवर टांगला आणि माझी चादर ओढली. शेजाऱ्यांना तिने हाक मारली, आणि सगळ्यांनी मिळून मला मागच्या पडवीत आणलं आणि पलंग खाली उतरवला.

आता मी भिंतीला टेकून उभा आहे. इथे उजेड कमी आहे आणि त्याच्या कोपराची आठवण येते. कुणाला चित्रं काढायला, कणीक मळायला हवा असेन तर न्या मला, फक्त माझ्यापुढे हात जोडू नका. आज सकाळी पुढच्या खोलीतून तिचा आवाज ऐकला. ऊन थेट डोळ्यांवर आलं असावं.

“अहो,” ती कुरकुरत होती, “नकाशात सगळं काढलंत, पडदा तेवढा राहिला.”