दोन मेव्हणे, दोन मोटरी

मित्रांनो, मी सगळ्या क्लबच्या देखत कॉफीच्या टेबलावर जाऊन आदळले. तो विषय इथेच संपला. तसे काही झालेच नाही असे धरून मी सुरुवातीपासून सांगते.

मी बाल्साच्या हलक्या लाकडाचे, रिमोटवर उडणारे एक जुने छोटे विमान आहे. वजन एका बऱ्यापैकी कोंबडीइतके. डेन्मार्कमधल्या लिमफ्योर्ड खाडीच्या काठी, थोरकिल्ड यांच्या गॅरेजमध्ये माझा जन्म झाला. थोरकिल्ड दातांचे डॉक्टर होते, आता निवृत्त आहेत. त्यांच्या जोडीला असे एब्बे, त्यांच्या बायकोचा, म्हणजे गुद्रुनबाईंचा, भाऊ. त्याचा उभा जन्म फेरीबोटीच्या इंजिनघरात गेला. थोरकिल्ड आणि गुद्रुनबाईंच्या लग्नाला कित्येक वर्षे झाली तरी या दोघा मेव्हण्यांना एकमेकांशी काय बोलावे ते सुचत नसे. अखेर गुद्रुनबाईंनी त्यांना माझ्या बांधणीचा आराखडा भेट दिला आणि दोघे बोलू लागले. अख्खा हिवाळा त्यांनी माझ्या फासळ्या कापल्या, चिकटवल्या, त्यांवर कागद ताणून बसवला. डावा पंख एब्बेने केला, उजवा थोरकिल्डनी. नेण्या-आणण्याला सोपे जावे म्हणून दोन्ही पंख सहज काढता येत. या सोयीची मला आज लाज वाटते.

मग पंखांवरच्या मोटरी निवडायची वेळ आली.

"दाजी, मोटर हवी सावकाश फिरणारी, मोठ्या पात्यांची," एब्बे म्हणाला. "बोट अशीच चालते."

"मेव्हण्या, ही बोट नाहीये. छोटी पाती, भन्नाट वेग. काय गोड बारीक आवाज येतो!"

"तुमच्या त्या गोड आवाजाच्या धाकाने अख्खं गाव दात घासायचं."

"आणि तुझ्या बोटीवर अख्खं गाव ओकायचं."

गुद्रुनबाई विणता विणता म्हणाल्या, "अरे, दोन्हीकडे एकसारख्या घ्या ना. कुठल्याही घ्या." दोघांनी त्यांच्याकडे असे पाहिले, जणू त्यांनी मला ओव्हनमध्ये ठेवायला सांगितले होते.

आमच्याकडे भांडण वाढवत नाहीत, मतदान घेतात. विषय आमच्या विमान उडवणाऱ्यांच्या क्लबच्या वार्षिक सभेत गेला. मते समसमान पडली. तेव्हा अध्यक्षा ओस्लॉगबाईंनी मधला मार्ग काढला: डावीकडे एब्बेची मोटर, उजवीकडे थोरकिल्डची. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दोन्ही मोटरी पूर्ण जोरात लावून त्यांची ओढ मोजली. अगदी सारखी भरली. अर्ध्या जोरात किती भरते हे कोणी पाहिले नाही, कारण तोवर कॉफी तयार झाली होती.

अशा रीतीने माझ्या एका खांद्याला छताचा पंखा आणि दुसऱ्याला माशी बसली. बाकीची विमाने माझ्याकडे पाहत नसत. मीही खिडकीच्या काचेकडे पाहणे सोडले.

उन्हाळी मेळाव्याच्या दिवशी रिमोट थोरकिल्डच्या हातात होता. त्यांनी मोटरींचा जोर वाढवणारी दांडी पूर्ण वर केली आणि मी उडाले. खरोखर उडाले, मित्रांनो! डावीकडून घुर्रर्र, उजवीकडून कींऽऽ. खाली एब्बेने दाजींच्या खांद्यावर हात ठेवला होता. तो मी वरून पाहिला. आयुष्यात तेवढाच वेळ मला माझी लाज वाटली नाही.

मग उतरवण्यासाठी दांडी अर्ध्यावर आली. एब्बेची मोटर ओढत राहिली, थोरकिल्डची ढिली पडली. मी उजवीकडे वळले. उजवीकडे कॉफीचे टेबल होते. जे झालेच नाही, ते इथे झाले.

आमच्या क्लबात एक रीत आहे. ज्याच्या चुकीने विमान पडते, त्याने पुढच्या शनिवारी सगळ्यांसाठी केक आणायचा. केक खाल्ला की चूक पोटात गेली. पुन्हा कोणी तिचे नाव काढत नाही.

"केक तू आणायचास," थोरकिल्ड म्हणाले. "तुझी मोटर ओढतच सुटली."

"तुमची झोपली, दाजी! आणि दांडी कुणाच्या हातात होती?"

"दांडी माझी, पण मोटर तुझी!"

"मोटर माझी, पण केक तुमचा!"

पुढच्या शनिवारी केक आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. लोक कोरडी कॉफी पिऊन खाली मान घालून घरी गेले. मग एब्बे आला, आपला डावा पंख काढून काखेत मारला आणि निघून गेला. थोरकिल्डनी उजवा कपाटामागे टाकला. नाताळच्या जेवणाला एब्बे बहिणीकडे फिरकला नाही. गुद्रुनबाईंनी भाजलेल्या बदकाचा अर्धा भाग तसाच झाकून ठेवला.

मी आता क्लबघराच्या छताला टांगलेले नुसते धड आहे. पाहुणे विचारतात, "हे काय?" मग कोणीतरी हळूच म्हणते, "तेच ते. केक न आलेलं." लाकूड लाजून लाल होत नाही, हे माझे नशीब. मी टेबलावर पडले याची शरम कधीच ओसरली. माझ्यामुळे बोलू लागलेली दोन माणसे माझ्यामुळेच गप्प झाली, ही शरम काही ओसरत नाही.

मित्रांनो, जोडीची वस्तू घेताना दोघांचे मन राखत बसू नका, वस्तूचे राखा.

सबब, सही करू न शकणारे हे विमान माननीय कार्यकारिणीस नम्र विनंती करते की, सदर दोन्ही मेव्हण्यांना एकाच गाडीत बसवून दुकानी पाठवावे व माझ्यासाठी नव्या मोटरी आणवाव्यात. मोटरी वाईट असल्या तरी विमानाची हरकत नाही. मात्र त्या सारख्याच वाईट असाव्यात.