हिरवळीच्या काठावर

“आज जर का सबब सांगितलीत ना, तर ही मासळी तुमच्या डोक्यावर ओतीन!” तफीदावहिनींनी हिरवळीवर चादर अंथरत नवऱ्याला दम भरला.

शाफी काही बसला नाही. सिमेंटच्या वाटेवर उभाच.

चौतीस वर्षं तो आमच्या बागेचा राखणदार होता, मी माळी. कैरोच्या ऐन मध्यावर, खेदिवाच्या, म्हणजे जुन्या राजांच्या जमान्यात लावलेली बाग. तिच्या मधल्या हिरवळीवर पाय ठेवायला सक्त बंदी. वसंताच्या सणाला, शम्म-अन-नसीमला, अख्खं शहर खारवलेली मासळी, कांदे नि रंगवलेली अंडी घेऊन लोटायचं आणि शाफी शिट्ट्या फुंकून फुंकून हैराण व्हायचा. वहिनी दरवर्षी म्हणायच्या, आपणही बसू या की एकदा. हा म्हणायचा, ड्यूटी आहे. चार पोरं वाढली, लग्नं होऊन गेली. बाईचं मागणं काय, तर एवढंच.

यंदा तो रिटायर झाला आणि नव्या साहेबांनी हिरवळ सगळ्यांना खुली केली. म्हटलं, चला, वहिनींचं नशीब उघडलं. कसलं काय!

“बस ना रे, खांबासारखा काय उभा?” मी म्हणालो.

“गवत ओलं आहे.”

“थापा मारू नकोस. काल पाणीच सोडलं नाही मी.”

त्यानं चपला काढल्या. पाय उचलला, परत वाटेवरच ठेवला. तेवढ्यात पलीकडे एका बाईनं कांद्याची साल गवतात फेकली.

“ओ ताई, हिरवळ आहे, उकिरडा नाही!” हा तिथूनच ओरडला.

बाई हसली. “काका, तुम्हाला जागा नाही का मिळाली? या, आमच्यात बसा.”

शाफीचा चेहरा उतरला. “पाय पडत नाही गं,” तो वहिनींना म्हणाला. “जीव घेतलास तरी नाही पडणार.”

मला संताप आला, खरं सांगतो. इतकी वर्षं थांबलेल्या बाईला हे उत्तर? आता मासळी डोक्यावर पडतेच, असं वाटलं.

वहिनींनी बुक्कीनं कांदा फोडला. एक घास एकट्यांनीच खाल्ला, सावकाश, चव घेत. मग ताट उचललं, चादर झटकली आणि वाटेवर येऊन मांडी घातली.

“बसा. इथं तरी चालतंय ना?”

तो बसला. वहिनी काटे काढून त्याच्या भाकरीवर मासळी ठेवू लागल्या. येणारेजाणारे त्यांना वळसा घालून हिरवळीवरून जात होते.