विश्व तसं नाही

कॅनडाच्या किनाऱ्यावरच्या शेटिकँप गावच्या कोळ्याची पोर डेल्फीन हॅलिफॅक्सला सैद्धान्तिक भौतिकशास्त्र शिकायला निघाली, तेव्हा बापाने विचारलं, "शिकून करणार काय?"

"विश्वाला आपल्याला दिसतात त्याहून जास्त मिती आहेत का, ते शोधणार."

"सापडल्या तर कळव. हाती न लागणारी शेवंडं तिकडेच लपत असतील."

तिने प्राध्यापक ऑग्डेन यांच्या हाताखाली जास्त मितींच्या सिद्धान्तावर प्रबंध लिहायला घेतला. तो संपत आला आणि युरोपातल्या प्रयोगशाळेचे निकाल आले. सिद्धान्तात असलेले कण प्रयोगात कुठेच दिसले नाहीत.

"प्रबंध मंजूर होईल," ऑग्डेन म्हणाले. "गणितात चूक नाही. फक्त विश्व तसं नाहीये."

"मग मी काय करू?"

"दुसरा सिद्धान्त धर. मी तीन पुरलेत."

डेल्फीनने धरला नाही. कर्करोगाच्या इस्पितळात किरणांची मात्रा ठरवायचं काम तिने पत्करलं.

"म्हणजे दवाखान्यात बेरजा करणार तू?" ऑग्डेन म्हणाले.

काही वर्षांनी ऑग्डेन यांच्याच घशात गाठ निघाली. उपचाराची आखणी डेल्फीनकडे आली. त्यांनी ती पडद्यावर दाखवायला लावली, चष्मा चढवला आणि बराच वेळ पाहिली.

"हे तू अंदाजाने सोडवलंयस."

"नेमकं सुटत नाही, सर."

"लाळग्रंथीवर एवढे किरण कशाला?"

"कमी केले तर गाठीची कड सुटते."

"आपल्या सिद्धान्तात चूक झाली तरी कुणाला दुखत नव्हतं," ऑग्डेन म्हणाले आणि चष्मा काढला.

गाठ गेली. तोंड मात्र कायमचं कोरडं पडलं. दोन वाक्यांमागे घोटभर पाणी पीत ते वर्गात शिकवू लागले.

पुढे इस्पितळात आखणीची नवी प्रणाली आली. डेल्फीनने त्यांची जुनी आखणी तिच्यावर पुन्हा करून पाहिली. एका बाजूची ग्रंथी वाचली असती. हे कुणी तिला विचारलं नव्हतं. रविवारी ती त्यांच्या घरी गेली आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

"तेव्हा होती का ही प्रणाली?"

"नव्हती."

"मग बस. चहा टाकतो."

ती बसली. काकवीची बिस्किटं चहात पार भिजवून ते सावकाश खात होते आणि नव्या प्रणालीत गणित कुठे बदललं, ते खोदून खोदून विचारत होते.