स्वयंपाकघरातला वारा

बंदराच्या कचेरीत पडद्यावर वाऱ्याचा वेग दिसत होता: शून्य. तोन्काची कॉलर ताठ झाली. सकाळीच ती भूशिराच्या टोकावरच्या खांबावर चढून नवा वारामापक बसवून आली होती. त्याला फिरणाऱ्या वाट्या नव्हत्या. तो आवाजाच्या लहरींनी वारा मोजायचा आणि जोडलेला रेडिओ आकडे कचेरीत धाडायचा. बंदर टेकडीच्या आडोशाला, तिथे डोंगरावरून समुद्रात घुसणाऱ्या तुफानी बूरा वाऱ्याचा पत्ताच लागत नसे. आता आकडा बघूनच फेरीबोट सुटणार होती. आणि बोटीचा कप्तान होता तिचाच नवरा, येर्को.

"फिरत नाही ते कसलं यंत्र?" धक्क्यावर बोटीचे दोर सोडणारा म्हातारा पेरो म्हणाला. "समोरच्या डोंगरानं ढगाची टोपी घातलीय, पोरी. बूरा आलाच म्हणून समज."

"पेरोकाका, शून्य म्हणजे शून्य. टोपी तुम्ही सांभाळा!"

येर्को हसला. साठ माणसं घेऊन बोट सुटली.

तोन्काने जेवणाचं विचारायला सासूला फोन लावला. घर कचेरीच्या अगदी मागेच होतं.

"मासे तळतेय," मारेताबाई खोकत म्हणाल्या. "धुरानं जीव गुदमरलाय. खिडकी उघडतेय, पण वाऱ्याचा झोत लागून माझी मान धरली तर तुलाच चोळावी लागेल."

त्या बेटावर हिवाळ्यात खिडकी उघडणं म्हणजे आजारपणाला आवतण. म्हणूनच घर सदैव गच्च बंद.

पडद्यावर आकडा हलला. दोन.

"बाई गं, काय गारठा! लावून घेतली खिडकी."

शून्य.

तोन्का पडद्याकडे झुकली. "आई, पुन्हा उघडा."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"उघडा म्हणते ना!"

दोन.

वारामापकाचे दोन संच आले होते, एक खांबासाठी आणि एक जादाचा; काल रात्री तिने दोन्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर तपासले होते. घाईत दोन्ही रेडिओंना एकच क्रमांक दिला होता आणि जादाच्या संचाची बॅटरी तशीच जोडलेली राहिली होती. जवळचा रेडिओ लांबच्याला बोलूच देत नव्हता.

"आई, टेबलावरच्या डब्याची वायर उपटा!"

"शॉक बसेल!"

"नाही बसत! उपटा!"

पडदा कोरा झाला. मग आकडा उमटला: ताशी एकशे तीस किलोमीटर. तिने वायरलेस ओढला.

"येर्को, वळ! टोकाच्या पुढे जाऊ नकोस!"

"अगं, शून्य आहे ना?"

"तो आपल्या स्वयंपाकघरातला वारा होता!"

पलीकडे काहीच ऐकू येईना. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी भोंगा वाजला आणि टोकाच्या अलीकडूनच बोट वळताना दिसली.

पेरोने दोर पकडला.

उतारू चिडून उतरू लागले. एक जाड बाई थेट तोन्कावर धावून आली. "दातांच्या डॉक्टरची वेळ तीन महिन्यांनी मिळाली होती मला! घालवलीत ना? काय झालं असतं गेलो असतो तर?"

तोन्का तिच्यामागून उतरणारी माणसं साठपर्यंत मोजत राहिली. बाई शिव्या घालत होती, आणि तिने ओरडायचं थांबूच नये असं तोन्काला वाटत होतं.